'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमके काय?

धाराशिव : 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य ऐकले नाही असा शेतकरी धाराशिव जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण. परांडा किंवा लोहारा तालुक्याच्या टोकाच्या गावातून एसटीने आलेल्या माणसाचा एक दिवस, त्या दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे या एका वाक्यात बुडते. पीककर्जाच्या प्रकरणाला सातबारा जोडायचा असतो, वारसाची नोंद करायची असते, खरेदीखतानंतरच्या फेरफाराची वाट पाहायची असते आणि खरिपात पीकविम्याची मुदत डोक्यावर असते. अशा वेळी 'डाऊन' झालेला हा सर्व्हर आहे तरी कोठे, तो एक आहे की अनेक, आणि त्याचे नेमके काय बिघडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

थोडक्यात उत्तर असे, की 'सर्व्हर डाऊन' हे रोगाचे नाव नसून 'अंगात कणकण आहे' यासारखे केवळ लक्षण आहे. त्यामागचे कारण सेवा केंद्रातील वायरीत असू शकते, वाटेतल्या जाळ्यात असू शकते, दूरच्या शहरातील यंत्रात, त्या यंत्रावर चालणाऱ्या आज्ञावलीत किंवा साठवलेल्या माहितीतही असू शकते. यांपैकी काही दोष दहा मिनिटांत दूर होतात, काहींना दोन दिवस लागतात. मात्र दोष कोणत्या पायरीवर आहे हे ओळखल्याखेरीज उपाय करता येत नाही, आणि 'डाऊन' हा शब्द नेमकी हीच ओळख झाकून टाकतो.

दफ्तरातून सर्व्हरमध्ये

एकेकाळी सातबारा म्हणजे तलाठ्याच्या दफ्तरातील कागद होता. तलाठी भेटला आणि शाई संपलेली नसली की उतारा मिळत असे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने विकसित केलेल्या ई-फेरफार प्रणालीमुळे ही नोंद संगणकावर आली. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ झाला. पुढे १५ रुपये भरून तो घरबसल्या उतरवून घेण्याची सोय झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची पद्धत आली. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात आहे, हे लक्षात घेता हा बदल किती मोठा आहे याची कल्पना येते.

या बदलाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पूर्वी एका गावाचे दफ्तर अडले तर एका गावाचे काम अडत असे. आता मध्यवर्ती यंत्रणा अडली तर उमरगा, तुळजापूर, कळंब, भूम, वाशी अशा सर्व तालुक्यांचे काम एकाच क्षणी अडते. त्यामुळे सर्व्हरची उभारणी आणि दुरुस्ती हा विषय आता केवळ संगणक अभियंत्यांपुरता उरलेला नाही.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

सर्व्हर म्हणजे मागणी आली की उत्तर देणारा संगणक. पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र ठेवले जाई. संकेतस्थळासाठी एक, माहितीसाठ्यासाठी दुसरे, ई-मेलसाठी तिसरे. त्यात गैरसोय अशी होती की बहुतेक यंत्रे दिवसाचा बराच काळ रिकामी बसत, वीज आणि थंड हवा मात्र पुरेपूर खात. यावर निघालेला उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक.

ही कल्पना समजण्यास जुन्या वाड्याचे उदाहरण उपयोगी पडते. वाडा एक, पाया एक, आड एक. पण आत बिऱ्हाडे अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे दार, स्वतःची चूल आणि स्वतःचे कुलूप. एका मोठ्या प्रत्यक्ष संगणकावर अशीच अनेक आभासी यंत्रे नांदतात. प्रत्येकाची कार्यप्रणाली वेगळी असू शकते. एकावर विंडोज, तर शेजारी लिनक्स. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांची वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे हायपरव्हायजर. तिला वाड्याचा कारभारी म्हणता येईल. एका बिऱ्हाडातील चूल विझली म्हणून शेजारची विझत नाही. मात्र वाड्याचाच पाया खचला तर सगळीच बिऱ्हाडे उघड्यावर येतात.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम ३७० ही प्रणाली जाहीर केली होती. साध्या संगणकांवर ती आणण्याचे श्रेय १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरला जाते. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच आभासी यंत्रांना आधार देणारी सोय दिली, तर २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्सचाच भाग बनला. याच पायावर 'क्लाऊड' उभा आहे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये 'मेघराज' हा राष्ट्रीय क्लाऊड सुरू केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. तेव्हा कार्यालयात ज्याला 'सर्व्हर' म्हटले जाते, तो बहुधा कोठे तरी दूर असलेल्या मोठ्या वाड्यातील एक बिऱ्हाड असतो.

उभारणी करताना

आभासी यंत्र उभे करणे अवघड नाही. अभियांत्रिकी वा तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी ते घरच्या संगणकावर विनामूल्य करून पाहू शकतो. व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम त्यासाठी पुरते. लहान कार्यालयासाठी प्रॉक्समॉक्स हा पर्यायही उपलब्ध आहे. आठ जीबी स्मृतीच्या संगणकावर दोन जीबी स्मृती आणि पंचवीस जीबी डिस्क दिली, तर शिकण्यापुरता लिनक्स सर्व्हर सहज चालतो.

पहिली अडचण बहुधा येथेच येते. यादीत ६४ बिट कार्यप्रणालीचा पर्यायच दिसत नाही किंवा यंत्र सुरू होताच संदेश देऊन थांबते. अनेकदा प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. संगणक पुन्हा सुरू करून ती चालू करावी लागते. विंडोजवर हायपर-व्ही आधीच सुरू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स मंदावतो, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी बाब वाटणीची. आठ जीबीच्या संगणकावर चार-चार जीबीची तीन यंत्रे कागदावर बसवता येतात आणि ती रिकामी असेपर्यंत चालतातही. तिन्हींवर एकदम काम आले, की कारभारी स्मृतीऐवजी डिस्क वापरू लागतो आणि सगळ्यांचाच वेग बसतो. डिस्कचेही तसेच. शंभर जीबीची डिस्क 'देऊ' असे म्हटले जाते, पण जागा लागेल तशी घेतली जाते. अशी आश्वासने प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त झाली, तर एके दिवशी सगळी यंत्रे एकत्र थांबतात. म्हणून किती दिले आणि प्रत्यक्षात किती उरले, या दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

तिसरी बाब जाळ्याची. 'नॅट' पद्धतीत आभासी यंत्र बाहेर जाऊ शकते, पण बाहेरच्याला त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. वाड्याच्या एकाच दिंडी दरवाजातून सगळ्यांची ये-जा होते. 'ब्रिज' पद्धतीत त्या यंत्राला रस्त्यावरचा स्वतंत्र घरक्रमांक मिळतो. सर्व्हर चालू आहे, पण कार्यालयातील इतर संगणकांना दिसत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या निवडीत असते. आणखी एक चूक नेहमी होते. तयार यंत्राची नक्कल करून दुसरे यंत्र उभे केले जाते, पण त्याचा पत्ता बदलायचा राहून जातो. मग एकाच पत्त्यावर दोन यंत्रे हक्क सांगतात आणि जोडणी कधी लागते, कधी तुटते.

बिघाड शोधण्याची रीत

जाणकार दुरुस्तीकार पहिली गोष्ट करतो ती म्हणजे घाईने यंत्र बंद-चालू न करणे. त्याने दोष काही काळ दडतो आणि पुरावा मात्र पुसला जातो. तो पायरीपायरीने जातो आणि प्रत्येक पायरीवर 'इथपर्यंत सर्व ठीक आहे का' एवढेच विचारतो.

पहिली पायरी आपल्या संगणकाची. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का? उघडत नसेल तर दूरच्या सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही. संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर जाळ्याने त्याला पत्ता दिलेलाच नाही. दुसरी पायरी नावाची. संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा अडली, तर सर्व्हर धडधाकट असूनही सापडत नाही. तिसरी पायरी वाटेची. पिंगसारख्या आज्ञेने यंत्र हाकेला ओ देते का ते कळते. मात्र काही सर्व्हर सुरक्षिततेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून केवळ त्यावर निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी प्रत्यक्ष यंत्राची. येथे दोन संदेशांतील फरक महत्त्वाचा आहे. 'जोडणी नाकारली' याचा अर्थ बहुधा यंत्र जिवंत आहे, पण त्यावरील सेवा बंद आहे. 'वेळ संपली' याचा अर्थ पलीकडून कोणी बोललेच नाही. यंत्र बंद असेल, वाट तुटली असेल किंवा फायरवॉलने अडवले असेल. यंत्र जिवंत असल्यास तीन गोष्टी तपासाव्यात : डिस्क भरली आहे का, स्मृती संपली आहे का, आणि घड्याळ बरोबर आहे का. डिस्क भरणे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. नोंदवह्या, म्हणजे लॉग, फुगत जातात आणि एके दिवशी नवी नोंद लिहायला जागा उरत नाही. घड्याळाचे महत्त्व तर अनेकांना ठाऊकच नसते. काही काळ थांबवून ठेवलेले आभासी यंत्र पुन्हा सुरू केले, की त्याचे घड्याळ मागे राहू शकते. मग सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरते, एकवेळचा सांकेतिक शब्द नाकारला जातो आणि पासवर्ड अचूक असूनही प्रवेश मिळत नाही.

कधी यंत्र सुरूच होत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले, विमानसेवा आणि रुग्णालये विस्कळीत झाली. त्या वेळी आभासी यंत्रांचा एक गुण कामी आला. बिघडलेल्या यंत्राची डिस्क सोडवून ती धडधाकट यंत्राला जोडायची, दोषी फाइल काढायची आणि डिस्क पुन्हा मूळ जागी लावायची, हे सारे प्रत्यक्ष यंत्राला हात न लावता करता आले.

पाचवी पायरी माहितीची, आणि तिचे उदाहरण जिल्ह्याने स्वतः पाहिले आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. ज्या प्रणाली जिल्हा ओळखण्यासाठी क्रमांक वापरतात, तेथे केवळ दाखवण्याचे नाव बदलले की काम भागते. वाहनांवरील एमएच २५ हा क्रमांक त्यामुळेच तसाच राहिला. ज्या प्रणालीत मात्र नाव हीच ओळख धरलेली असते, तेथे एका तक्त्यात जुने आणि दुसऱ्यात नवे नाव राहिले, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येते. सर्व्हर अशा वेळी उत्तम चालू असतो.

शेवटच्या दिवसाची गर्दी

खरीप पीकविम्याची नेहमीची मुदत ३१ जुलैची. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा योजना आली त्या वर्षी ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अखेरच्या दिवसांत जे घडते ते गणिताने समजते. समजा, एखादी यंत्रणा मिनिटाला ६०० अर्ज स्वीकारू शकते आणि येतात ६६०. दर मिनिटाला ६० अर्ज मागे राहतात. तासाभरात ३,६०० जणांची रांग लागते. पडदा हलत नाही म्हणून यांतील प्रत्येकजण पुन्हा बटण दाबतो. तीच मागणी दोनदा-तीनदा येते आणि थोडीशी जास्त असलेली गर्दी पाहता पाहता दुप्पट होते.

आभासी यंत्रांचा खरा फायदा अशा वेळी दिसायला हवा. गर्दी वाढताच त्याच नमुन्याची आणखी यंत्रे काही मिनिटांत उभी करायची आणि वाटप करणाऱ्या लोड बॅलन्सरने अर्ज त्यांच्यात विभागायचे, अशी ही पद्धत आहे. पण तिलाही मर्यादा आहे. खिडक्या दहाच्या वीस केल्या, तरी आत नोंदवही लिहिणारा कारकून एकच असेल, तर रांग खिडकीबाहेरून आत सरकते इतकेच. बहुतेक शासकीय प्रणालींत हा कारकून म्हणजे मध्यवर्ती माहितीसाठा असतो. म्हणून 'सर्व्हरची क्षमता वाढवली' असे सांगितले जाते, तेव्हा कोणत्या पायरीची वाढवली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शेवटच्या दिवशी किती गर्दी येणार हे मागील वर्षांच्या नोंदींवरून कळू शकते. तेवढ्या भाराची चाचणी जूनमध्येच घेणे शक्य असते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

आभासी यंत्राचे एका क्षणाचे चित्र, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवता येते. मोठा बदल करण्यापूर्वी ते घ्यावे आणि बदल फसला तर मागे यावे, हा त्याचा उपयोग. परंतु ते बहुधा त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की चित्रही जाते. शिवाय जुने स्नॅपशॉट पुसले नाहीत तर तेच फुगून जागा खातात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या जागी ठेवलेली स्वतंत्र प्रत, आणि ती परत उघडून पाहिलेली असेल तरच तिच्यावर विसंबता येते.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. वरच्या मजल्यांवरील कार्यालये आणि असंख्य कागदपत्रे त्यात जळाली. कागदाऐवजी संगणकीय नोंदी हव्यात, या मागणीला त्यानंतर मोठा जोर आला. पण संगणकीय नोंदही एकाच जागी असेल तर तीही जळते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्रात बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यांतील बहुतेक टप्प्याटप्प्याने परत आल्या. मात्र सरकारी कर्मचाऱ्यांचा 'जी-ड्राइव्ह' हा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. संगणकीकरणात जगात आघाडीवर असलेल्या देशाची ही गोष्ट आहे.

धाराशिव जिल्ह्याला हे वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूरबरोबरच या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागातील गावेही काही क्षणांत जमीनदोस्त केली. राखीव माहिती केंद्र मुख्य केंद्रापासून दूर, वेगळ्या भूकंपक्षेत्रात असावे, हा संकेत त्यासाठीच आहे. जमिनीची मालकी सांगणारी नोंद हे शेतकऱ्याचे सर्वस्व असते; तिची प्रत किती ठिकाणी आहे आणि ती शेवटची केव्हा उघडून तपासली गेली, याला उत्तर असलेच पाहिजे.

नागरिकांनी काय पाहावे?

पडद्यावरचा आकडा दुर्लक्षित करू नये. तो यंत्राने दिलेला कबुलीजबाब असतो.

४०४ : मागितलेले पान त्या जागी नाही. पत्ता चुकला असेल किंवा पान हलवले असेल.

५०० : आज्ञावलीत आतून चूक झाली आहे. वारंवार बटण दाबून उपयोग नाही.

५०२ : दारावरचा सर्व्हर चालू आहे, पण आतल्याने त्याला धड उत्तर दिले नाही.

५०३ : गर्दी झाली आहे किंवा देखभालीसाठी सेवा थांबवली आहे. थोड्या वेळाने, शक्यतो पहाटे किंवा रात्री, प्रयत्न करावा.

५०४ : आतल्या यंत्राने वेळेत उत्तर दिले नाही. अर्ज नोंदला गेलाही असू शकतो. पैसे पुन्हा भरण्यापूर्वी आधीचा व्यवहार तपासावा.

'सर्व्हरचा पत्ता सापडत नाही' : दोष बहुधा आपल्याकडील जोडणीत किंवा डीएनएसमध्ये आहे. मोबाइलच्या इंटरनेटवरून तेच पान उघडून पाहावे. तेथे ते उघडले तर सर्व्हर 'डाऊन' नाही.

परतावे लागलेच, तर पडद्याचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि आकडा एवढे जपून ठेवावे. मुदतीच्या आत प्रयत्न केल्याचा तो पुरावा ठरू शकतो आणि दुरुस्ती करणाऱ्यालाही त्याच मिनिटाची नोंद लॉगमध्ये शोधता येते. 'काल सर्व्हर डाऊन होता' या तक्रारीवर कोणीच काही करू शकत नाही. '३० जुलैला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी ५०४ आला' या तक्रारीवर मात्र शोध सुरू करता येतो.